कोअर टीममध्ये कुणाला घ्यायचं, हे ठरतं कसं?

सातपूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करणाऱ्या आणि उरलेल्या वेळात ओपन सोर्सला (कुणालाही वाचता-बदलता येणाऱ्या सॉफ्टवेअरला) हातभार लावणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा (पॅच म्हणजे कोडमध्ये सुचवलेला बदल, मर्ज म्हणजे तो मूळ कोडमध्ये घेणं, कमिटर म्हणजे ते स्वतः करण्याचा अधिकार असलेला माणूस): "ताई, एका प्रोजेक्टला मी दोन वर्षं पॅच पाठवतोय. बरेच मर्ज झालेत. पण गेल्या महिन्यात त्यांनी कमिटर म्हणून दुसऱ्याच एका मुलीला घेतलं, आणि तिचे पॅच माझ्या निम्मेही नाहीत. हे कोण ठरवतं, कुठे ठरवतं? आणि 'मला घ्या' असं आपण होऊन म्हणावं का?"

आधी सरळ उत्तर देते. पॅच मोजून कुणालाही घेत नाहीत. तू पाठवलेला प्रत्येक पॅच दुसऱ्या कुणीतरी वाचला, चालवून पाहिला आणि मग आत घेतला. त्यातून तुझं काम चांगलं आहे एवढं कळलं, पण त्या कामावर शेवटची नजर दुसऱ्याची होती. कमिटर केलं की ती नजर निघून जाते. त्यामुळे आत बसलेल्या लोकांपुढे 'याने किती काम केलं' हा प्रश्न फारसा नसतोच. 'याच्यावर कुणाचं लक्ष नसताना हा काय करेल' हे त्यांना ठरवायचं असतं. अशा चर्चांमध्ये मी बरीच वर्षं बसते आहे. तिथे कुणाच्या पॅचचा आकडा निघाला तरी तो ओळख करून देण्यापुरता निघतो, आणि पुढचं सगळं बोलणं स्वभावाबद्दल होतं.

आपल्याकडे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांमध्ये नव्या माणसाच्या हातात लगेच छाटणीची कात्री देत नाहीत. आधी बांधणी, विरळणी, डिपिंग. ऑक्टोबर छाटणीत काडी चुकीच्या डोळ्यावर कापली गेली तर त्या वेलीचं वर्ष वाया जातं, आणि कापलेलं परत जोडता येत नाही. कमिट राइट्स ही ती कात्री आहे. ज्याने सगळ्यात जास्त घड विरळले त्याला ती आपोआप मिळत नाही.

आता ही कात्री प्रत्येक प्रोजेक्टमध्ये वेगळी असते, म्हणून आधी तुझ्या प्रोजेक्टमध्ये नेमका कोणता अधिकार दिला जातो ते बघ. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, निवडून दिलेली कोअर टीम असा प्रकारच नाही. तिथे 'मेंटेनर्स' नावाची एक साधी टेक्स्ट फाइल आहे. कुठला ड्रायव्हर कोण बघतं, कुठली फाइलसिस्टिम कोण बघतं, हे तिच्यात लिहिलेलं असतं. काही नोंदींपुढे 'ऑर्फन' असंही लिहिलेलं सापडेल, म्हणजे त्या भागाला सध्या कुणी वाली नाही. लिनक्सचे जनक लिनस टॉरवल्ड्स काही हजारो लोकांचे पॅच स्वतः वाचत बसत नाहीत. ठरावीक मेंटेनरांकडून ते बदल घेतात, ते मेंटेनर आपल्या भरवशाच्या लोकांकडून घेतात, आणि अशी साखळी खालपर्यंत जाते. २०११ मध्ये कर्नलचा कोड जिथे ठेवतात त्या कर्नल डॉट ऑर्गचे सर्व्हर फोडले गेले, त्यानंतर ही साखळी डिजिटल सह्यांनी बांधून घेतली गेली. तिथे मेंटेनर व्हायचं म्हणजे एखादा कोपरा इतका नीट सांभाळायचा, की आधीच्या मेंटेनरनेच त्या फाइलमध्ये तुझं नाव घालणारा पॅच पाठवावा.

डेबियन हे लिनक्सचं एक वितरण, म्हणजे लिनक्स आणि बाकी सॉफ्टवेअर एकत्र बांधून देणारा प्रोजेक्ट. तिथे सगळं कागदोपत्री. आणि ते तसंच असायला हवं, कारण डेबियनचं पॅकेज बसताना त्यातल्या स्क्रिप्ट रूट म्हणून, म्हणजे यंत्रावरचे सगळे अधिकार घेऊन, चालतात. ज्याला पॅकेज अपलोड करता येतं, त्याच्या हातात जगभरच्या यंत्रांची किल्ली असते. म्हणून आधी ओळख पटवायची: आधीपासून आत असलेल्या डेव्हलपरने तुझी एनक्रिप्शन की तपासून तिच्यावर सही करायची. मग कुणीतरी तुझी शिफारस करायची. मग एक 'अ‍ॅप्लिकेशन मॅनेजर' तुला परवान्यांबद्दल, डेबियनच्या सामाजिक कराराबद्दल, पॅकेजिंगच्या बारकाव्यांबद्दल लांबलचक प्रश्न विचारतो आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायला लावतो. यात महिने जातात. सरसकट सगळ्यांना पूर्ण अधिकार देण्याऐवजी २००७ मध्ये त्यांनी 'डेबियन मेंटेनर' ही मधली पायरी काढली, जिच्यात ठरावीक पॅकेजेसपुरतीच अपलोडची मुभा असते. आणि २०१० मध्ये मत घेऊन असं ठरवलं, की भाषांतर करणारे, कागदपत्रं लिहिणारे, डिझाइन करणारे लोकही पूर्ण मताधिकारासह डेबियन डेव्हलपर होऊ शकतात, अपलोडचा अधिकार नसला तरी. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो, त्याबद्दल पुढे लिहिते.

अपाचे फाउंडेशनच्या प्रोजेक्टांमध्ये तुला कळतही नाही की तुझ्याबद्दल बोलणं चालू आहे. अपाचे वेब सर्व्हरची सुरुवात १९९५ मध्ये एकमेकांना पॅच पाठवणाऱ्या आठ जणांच्या गटातून झाली, फाउंडेशन १९९९ मध्ये नोंदलं गेलं, आणि मतदानाची +१ (हो), ०, -१ (नको) अशी पद्धत आजही चालते. बाकी सगळी चर्चा उघड्यावर, पण माणसांबद्दलची चर्चा खासगी ईमेल यादीवर. कुणीतरी नाव सुचवतं, मत मांडायला सहसा किमान ७२ तास देतात, किमान तीन +१ लागतात आणि एकही -१ नको. झालं की मग उमेदवाराला पत्र जातं: "आम्ही तुम्हाला कमिटर म्हणून बोलावतोय, तुमची इच्छा आहे का?" तो नाही म्हणू शकतो, आणि म्हणतातही काही जण. ही बंद दारामागची चर्चा नव्या मुलांना खटकते. मला ती पटते. ज्याचं नाव मागे पडलं, त्याच्या उणिवा जन्मभर गूगलवर सापडत राहाव्यात असं त्यात काहीही नसतं. शिवाय उघड्यावर कुणीही खरं बोलणार नाही, सगळेच +१ देतील, आणि मग त्या +१ ला अर्थ राहणार नाही.

पायथन या प्रोग्रामिंग भाषेची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण तिथे हा प्रश्न अगदी मुळापासून सोडवावा लागला. गुइडो व्हॅन रॉसम हे भाषेचे जनक, आणि शेवटचा शब्द त्यांचा, असा कारभार सुरुवातीपासून होता. जुलै २०१८ मध्ये, एका नव्या ऑपरेटरवरून झालेल्या अतिशय थकवणाऱ्या वादानंतर, त्यांनी ती जागा सोडली आणि वारस नेमला नाही. तुम्ही ठरवा, म्हणाले. मग कोअर डेव्हलपरांनी कारभाराचे सात वेगवेगळे आराखडे मांडले, डिसेंबर २०१८ मध्ये मतदान झालं, आणि पाच जणांची निवडून आलेली स्टिअरिंग कौन्सिल ही पद्धत आली. निवडलेल्या आराखड्यातच कोअर टीममध्ये यायचा नियमही आहे: आतल्या कुणीतरी नाव सुचवायचं, आठवडाभर मतदान, दोन तृतीयांश मतं हवीत. आणि पात्रता काय लिहिली आहे ती बघ. प्रोजेक्टची विचारसरणी समजलेली असावी, वागणं विधायक आणि मदतीचं असल्याचा पुरावा असावा, योगदान भरीव असावं पण ते कुठल्याही स्वरूपाचं चालेल, आणि पुढे वेळ देण्याची तयारी असावी. चारातल्या एकाच अटीत कामाचं नाव आहे.

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नऊ जणांची कोअर टीम कमिटर लोक दर दोन वर्षांनी निवडून देतात, आणि नवा कमिटर आत आला की त्याला एक मेंटॉर जोडून देतात. सुरुवातीच्या प्रत्येक कमिटवर त्या मेंटॉरच्या मंजुरीची ओळ लागते. माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची पद्धत हीच. अधिकार दिलाही, आणि नजर एकदम काढूनही घेतली नाही.

आता तुझा खरा प्रश्न, म्हणजे 'तिचे पॅच कमी असून तिला का'. तुझ्या प्रोजेक्टमधल्या त्या मुलीबद्दल मला माहिती नाही, पण असाच एक निर्णय मी जवळून पाहिला आहे, तो सांगते.

आकडे वेगवेगळ्या देशांच्या पद्धतीने छापणारी एक लायब्ररी (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये वापरायचा तयार कोड). युरोपातल्या एका अनुभवी माणसाने ती वेगवान करणारा पॅच पाठवला. काम सुबक होतं: उजवीकडून दर तीन अंकांनी गट पाडायचा, गट केवढे ते दरवेळी लोकेलच्या (त्या त्या भाषेच्या-देशाच्या लिहिण्याच्या पद्धतीच्या) तक्त्यात बघत बसायचं नाही. सगळ्या चाचण्या हिरव्या. दोघांनी छान म्हणून शेरा मारला. मर्ज होणार, तेवढ्यात ओझरच्या एका मुलीने तो वाचला. ती द्राक्ष निर्यातदारांच्या बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळायची, आणि ते सॉफ्टवेअर या लायब्ररीवर चालायचं. तिने लिहिलं: "वेग खरंच वाढलाय, माझ्याकडेही चालवून पाहिलं. पण मराठी आणि हिंदी लोकेलमध्ये १२,३४,५६७ च्या जागी १,२३४,५६७ येतंय. चाचण्यांमध्ये इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंचच आहेत म्हणून पकडलं गेलं नाही. चुकणाऱ्या दोन चाचण्या जोडते आहे. जिथे सगळे गट सारख्या लांबीचे असतात तिथे हा नवा रस्ता वापरला आणि बाकीच्यांना जुना ठेवला, तर वेगही राहील. अरबी लोकेलचं मला कळत नाही, ते जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवावं."

पॅचवाल्याला ते आवडलं नाही. 'भारतीय आकड्यांसाठी वेगळा इश्यू (अडचणीची नोंद) उघडा, नवीन सोय म्हणून नंतर बघू,' असं त्याने लिहिलं. तिने एकदाच उत्तर दिलं: मागच्या रिलीजमध्ये हेच आकडे बरोबर येत होते, त्याचा हा नमुना, म्हणजे ही नवी सोय नाही, चालू असलेलं मोडतंय. रिलीजआधी दुरुस्त करायचं की पॅच मागे ठेवायचा ते तुम्ही ठरवा. एवढं लिहून ती थांबली. त्यावर कुणाची टर उडवली नाही, चार ठिकाणी जाऊन तक्रार केली नाही. काही दिवसांनी त्या माणसाने तिचाच मार्ग घेतला, आणि पुढच्या एका बदलाच्या वेळी त्याने आपण होऊन तिला रिव्ह्यूसाठी बोलावलं.

तिचं नाव सुचवणाऱ्याने खासगी चर्चेत त्या संभाषणाची लिंक टाकली आणि सोबत तिने केलेल्या इतर काही रिव्ह्यूंच्या. फार कुणी काही बोललं नाही. बोलण्यासारखं उरलंच नव्हतं. तिने दुसऱ्याचं काम त्याच्याइतकंच लक्ष देऊन वाचलं होतं, चूक दाखवताना ती सिद्ध करणारी चाचणी दिली होती, आपल्याला काय कळत नाही ते सांगितलं होतं, आणि समोरचा चिडल्यावरही मुद्दा सोडला नव्हता की तोल सोडला नव्हता. दुसऱ्याच्या पॅचवर माणूस कसा वागतो यावरून तो कमिटर म्हणून कसा वागेल ते दिसतं. स्वतःच्या पॅचवरून ते दिसत नाही. तेव्हा तुझ्या प्रोजेक्टच्या नोंदी उघड आणि त्या मुलीने इतरांच्या पुल रिक्वेस्टवर (मर्ज करा म्हणून पाठवलेल्या पॅचवर) काय लिहिलंय ते वाच. तुझ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तिथेच असेल.

खासगी चर्चेत नावं कशाने अडतात तेही सांगते, कारण हे कुणी स्पष्ट सांगत नाही. पॅच मर्ज झाला की माणूस गायब होतो, त्याच्यामुळे काही मोडलं तरी दुरुस्तीला येत नाही: हे सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय. दुसरं, 'नाही' ऐकता येत नाही. पॅच नाकारला की वाद इतका लांबवतो की लोक कंटाळून होकार देतात. असा माणूस आत आला तर पुढे प्रत्येक निर्णय असाच होणार, ही भीती रास्त असते. तिसरं, ज्या भागाचं ज्ञान नाही तिथेही ठोकून मत देतो. आणि कधीकधी फक्त एवढंच, की माणूस चांगला आहे पण अजून ओळख झालेली नाही, थोडं थांबू. या शेवटच्या कारणाला 'नकार' समजू नकोस. बऱ्याचदा सहा महिन्यांनी तेच नाव पुन्हा येतं आणि सहज पार होतं.

पॅचच्या संख्येची किंमत गेल्या काही वर्षांत आणखी उतरली आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (पॅच पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणारा ऑक्टोबरभराचा उपक्रम) टी-शर्टसाठी रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एखादा शब्द बदलून पाठवणाऱ्यांची इतकी लाट आली, की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलून 'ज्या प्रोजेक्टला हवं त्यानेच भाग घ्यावा' असं करावं लागलं. त्या लाटेत आपल्या देशातली मुलं खूप होती, आणि त्याचा त्रास नंतर प्रामाणिक काम करणाऱ्या भारतीय मुलांना झाला. आता तर मशीनकडून लिहून घेतलेले पॅच येतात, पाठवणाऱ्याने स्वतः न वाचलेले. दिसायला नीटनेटके. अशा वेळी ज्याच्या शेऱ्यावर विश्वास ठेवता येतो असा रिव्ह्यू करणारा माणूस सोन्यासारखा.

पण विश्वास हीसुद्धा फसवता येणारी गोष्ट आहे, आणि ते आपण २०२४ मध्ये पाहिलं. एक्सझेड ही फाइली आकुंचित करणारी लहानशी लायब्ररी, जवळजवळ प्रत्येक लिनक्स यंत्रावर असणारी. तिचा मेंटेनर एकटा, बिनपगारी, थकलेला. २०२१ च्या अखेरीपासून 'जिया टॅन' नावाने कुणीतरी चांगले पॅच पाठवू लागलं. २०२२ मध्ये इतर काही नावांनी मेंटेनरवर दबाव सुरू झाला: काम किती संथ चाललंय, दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवा. त्याने आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी सांगितल्या, हे हौसेचं काम आहे असंही सांगितलं. तरी दबाव चालूच. हळूहळू रिलीज काढायचे अधिकार त्या नव्या माणसाकडे गेले, आणि फेब्रुवारी-मार्च २०२४ मध्ये आलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा निघाला. अ‍ॅन्ड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिनला (दुसऱ्या यंत्रात दुरून शिरायला) साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, त्याने माग काढला, आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. मोठ्या वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांत तो पोचायच्या आत पकडला गेला.

याच्या आधी २०१८ मध्ये इव्हेंट-स्ट्रीम नावाच्या जावास्क्रिप्ट पॅकेजचं असंच झालं होतं. मूळ लेखकाला त्यात रस उरला नव्हता, एका अनोळखी माणसाने ईमेल करून 'मी सांभाळतो' म्हटलं, त्याने देऊन टाकलं, आणि थोड्याच दिवसांत त्यातून बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड पसरला.

या दोन्ही घटनांवरून काही लोक म्हणतात, नव्यांना घेणं बंद करा, सरकारी ओळखपत्र मागा. मला हे पटत नाही. एक्सझेडमध्ये नव्याला घेतलं यापेक्षा मोठी अडचण ही होती, की निर्णय घेणारा माणूस एकच होता. तो एकटा होता म्हणूनच त्याच्यावर दबाव आणता आला. तीन-चार जणांनी मिळून, वेळ घेऊन ठरवायचं असतं, तेव्हा 'घाई करा, घाई करा' म्हणणारी अनोळखी नावं लगेच डोळ्यांवर येतात. रिलीजला दुसऱ्याची सही लागली असती तर रिलीजच्या गठ्ठ्यात असलेली आणि गिटमध्ये, म्हणजे कोडच्या उघड्या नोंदींमध्ये, नसलेली ती स्क्रिप्ट बहुधा कुणाच्या तरी नजरेला पडली असती. म्हणून हल्ली मी जिथे सल्ला देते तिथे कोड मर्ज करायचा अधिकार आणि रिलीज काढायचा अधिकार वेगळा ठेवा असं सांगते. पहिला लवकर द्यावा, दुसरा सावकाश. वेबसाइट बांधायच्या जँगो या प्रोजेक्टने २०२० मध्ये आपली कोअर टीमच विसर्जित करून 'मर्जर' आणि 'रिलीजर' अशा दोन नेमक्या जबाबदाऱ्या ठेवल्या. त्यांचं कारण वेगळं होतं, नवी माणसं 'कोअर' या बिरुदाला बिचकून पुढे येत नव्हती. पण दोन किल्ल्या वेगळ्या करण्याचा फायदा इथेही आहेच.

कंपन्यांचा मुद्दा तुझ्या प्रश्नात नाही, पण तू नोकरी करतोस म्हणून थोडं. पायथनच्या पाच जणांच्या कौन्सिलमध्ये एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक चालत नाहीत. पोस्टग्रेसच्या कोअर टीममध्ये निम्म्यापेक्षा जास्त लोक एका कंपनीचे नसावेत असा दंडक आहे. २०२० मध्ये पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या ईडीबी या कंपनीने सेकंडक्वाड्रंट ही कंपनी विकत घेतली तेव्हा तो मोडायची वेळ आली, म्हणून टीम पाचाची सात केली. तेव्हा घेतलेल्या दोघांतला एक म्हणजे वर सांगितलेला फ्रॉइंड. कुबरनेटिस या सर्व्हरवरची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रोजेक्टमध्ये सदस्य व्हायला दोन शिफारशी लागतात आणि त्या एकाच कंपनीतल्या लोकांच्या चालत नाहीत. कंपनीने तुला या कामासाठी वेळ दिला तर जरूर घे. पण कमिटर झालास तर तो अधिकार तुझा, कंपनीचा नाही. नोकरी बदलली तरी तो तुझ्याबरोबर येतो, आणि साहेबाने 'हा पॅच आज आत घे' म्हटलं तरी नियम डावलता येत नाही. हे साहेबाला आधीच सांगून ठेव.

आणि हो, ही सगळी पद्धत न्याय्य आहे असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे मोकळा वेळ आहे, ज्याचं इंग्रजी सफाईदार आहे, जो परिषदांना जाऊ शकतो, तो लवकर ओळखीचा होतो, आणि ओळख झाल्यावर विश्वास बसतो. कॅलिफोर्नियातली सकाळी ९ ची बैठक नाशिकला उन्हाळ्यात रात्री ९:३० ला आणि हिवाळ्यात १०:३० ला येते. लहान मूल असलेल्या बाईने त्या बैठकीला कसं बसायचं? मी कित्येकदा बसलेले नाही. ज्या प्रोजेक्टमध्ये निर्णय लेखी होतात आणि बैठकीत फक्त उजळणी होते, तिथे आपल्यासारख्यांना खरी संधी असते. प्रोजेक्ट निवडताना मी आजही हेच आधी बघते. प्रत्यक्ष भेटीची संधी मिळाली तर मात्र दवडू नये. २०२३ मध्ये डेबियनची जागतिक परिषद कोचीला झाली, तेव्हा आपल्याकडच्या मुलांना आपल्या कीवरच्या सह्यांसाठी युरोपात जायची गरज पडली नाही.

डेबियनच्या २०१० च्या निर्णयाबद्दल लिहिते म्हटलं होतं. मराठी माणसासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण आपल्यातल्या अनेकांचा ओपन सोर्समधला प्रवेश भाषांतरातून होतो. लिनक्सवरच्या नोम या डेस्कटॉपमध्ये भाषांतर टीमच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: भाषांतर करणारा, तपासणारा, कमिट करणारा, समन्वयक. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या पाँटून या भाषांतराच्या साधनातही आधी फक्त सुचवता येतं, पुढे मंजूर करायचा अधिकार मिळतो. हे खालच्या दर्जाचं काम आहे असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नकोस. ज्याने महिनोन्‌महिने दुसऱ्यांची भाषांतरं तपासली, वाद शांतपणे मिटवले, रिलीजच्या तारखा पाळल्या, त्याच्यावर कोडच्या बाबतीतही भरवसा टाकायला लोक लवकर तयार होतात. आपल्या भाषेच्या टीम लहान असतात, त्यामुळे जबाबदारीही लवकर अंगावर येते. ती एकट्याने अंगावर घेऊ नकोस, सोबत आणखी एकाला तयार कर. एकट्या मेंटेनरचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

आता 'मला घ्या' म्हणावं का? हे प्रोजेक्टवर अवलंबून आहे. डेबियनमध्ये अर्ज तूच करायचा असतो, न मागता कुणी बोलावत नाही. कुबरनेटिसमध्येही सदस्य, रिव्ह्यूअर, अ‍ॅप्रूव्हर अशा पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत आणि पहिल्या पायरीचा अर्ज स्वतःच टाकायचा असतो. अपाचेसारख्या ठिकाणी जाहीरपणे मागितलेलं लोकांना अवघड वाटतं. तिथे ज्याने तुझे सगळ्यात जास्त पॅच तपासले असतील, त्याला खासगीत लिही: "मला या भागाची जबाबदारी घ्यायला आवडेल. माझ्यात काय कमी पडतंय असं तुम्हाला वाटतं?" यात मागणं नाही की तक्रार नाही, आणि उत्तर देणं त्यालाही सोपं जातं. बऱ्याचदा त्याच्या डोक्यात तुझं नाव आलेलंच नसतं, तुझ्या पत्राने ते येतं. लोक विसरतात. त्या मुलीचं नाव मात्र त्यात काढू नकोस.

उत्तर आलंच नाही, किंवा 'बघू' म्हणून विषय टाळला, तर त्या प्रोजेक्टमध्ये नव्या माणसाला आत घ्यायची काही पद्धत आहे का ते तपास. गेल्या दोन-तीन वर्षांत कुणाकुणाला घेतलं ते नोंदींमध्ये दिसतं. एकाही नव्याला घेतलं नसेल, कारभाराची फाइलच नसेल आणि सगळे निर्णय एका माणसाच्या मर्जीवर असतील, तर तिथे पॅच देत राहा हवं तर, पण जबाबदारीची आस दुसरीकडे ठेव. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसारख्या मोठ्या प्रोजेक्टमध्येही कोअर टीम कुणालाच उत्तरदायी नाही, या कारणावरून नोव्हेंबर २०२१ मध्ये वागणुकीचे नियम सांभाळणाऱ्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला होता, आणि २०२३ मध्ये कारभार नव्याने बांधावा लागला. तेव्हा घोळ नेहमी तुझ्यातच आहे असं समजायचं कारण नाही.

आणखी एक. हे मिळालं की उतरवून ठेवायचीही सोय असते हे आधीच माहीत असू दे. अपाचेत मिळवलेली पात्रता कालांतराने बाद होत नाही, थांबून पुन्हा परतता येतं. फ्रीबीएसडीत बराच काळ निष्क्रिय राहिलेल्याचे कमिट राइट्स जपून ठेवण्यासाठी काढून घेतात, त्यात अपमान मानत नाहीत. मला दुसरी पद्धत जास्त आवडते, कारण वापरात नसलेलं खातं कुणी चोरलं तर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. घरचं, नोकरीचं ओझं वाढलं तर दोन ओळी लिहून बाजूला हो. लोकांना तेच बरं वाटतं.

आता लगेच करण्यासारखं: तुझ्या प्रोजेक्टमधल्या उघड्या पुल रिक्वेस्टची यादी काढ, तुला नीट कळणाऱ्या भागातल्या दोन निवड, त्या तुझ्या मशीनवर चालव आणि मग शेरा लिही. काय चालवून पाहिलं, काय चाललं, काय चाललं नाही, आणि काय तपासता आलं नाही, हे चारही त्यात येऊ दे. नव्या मुलाचा पॅच असेल तर आधी तो घे, कारण त्यांच्याकडे सगळ्यात उशिरा कुणीतरी बघतं.